मेजर

सातारा-कोरेगाव पट्ट्यात लष्करातून घरी आलेला माणूस कुठल्याही हुद्द्यावरून आलेला असो, गाव त्याला मेजर म्हणतं. साधा शिपाई सुट्टीवर आला तरी मेजर, नाईक होऊन पेन्शनीत आला तरी मेजर. खराखुरा मेजर गावात उगवला तर त्याला काय म्हणायचं, असा पेच आहे. बहुधा 'साहेब' म्हणून बिचाऱ्याची बोळवण होईल. आमचे मेजर हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढे सरकारनं मानद नायब सुभेदारी दिली, ती पाटी दारावर लागली, आणि पाटी वाचून आत येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा म्हणाला, "राम राम, मेजर."

पंचाहत्तरी उलटली तरी मेजर पहाटे उठून दाढी करतात. म्हशीची धार काढायला जातानाही अंगात तो हिरवा लष्करी स्वेटर, खांद्यावर आणि कोपरावर जाड कापडाची ठिगळं असलेला. थंडीत आमच्या भागातल्या निम्म्या म्हशी हाच स्वेटर बघून पान्हा सोडतात. पायात मात्र मेजरांचे बूट बघावेत. शेणात उभे राहिले तरी बुटाच्या टोकात समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. पारावर बसायची त्यांची जागाही ठरलेली आहे: पाठीला पिंपळ, समोर एसटीचा रस्ता. मागून कुणी येऊ नये ही त्यामागची फौजी सवय, असं ते सांगतात. खरं म्हणजे समोरून येणारा कुणी सुटू नये, हा हेतू.

कारण मेजरांना गोष्ट सांगायची असते. गेली कित्येक वर्षं एकच.

गावात कुणी नवखा आला, मोबाईल टॉवरचं काम करणारा असो, विमा विकणारा असो, की मुलगी बघायला आलेला पाहुणा, एसटीतून उतरून पारापाशी आला की मेजर विचारतात, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" पाहुण्यानं कुठलंही गाव सांगावं. त्या गावचा एक तरी माणूस मेजरांच्या पलटणीत होताच. "त्याच्याबरोबर मी जमालपूरला होतो," हे दुसरं वाक्य. तिसऱ्या वाक्याला पाहुणा बसलेला असतो. एकदा एक विमा एजंट पॉलिसी विकायला आला आणि सगळ्या कमालपूर-बक्षीगंज मार्गाची माहिती घेऊन शेवटच्या गाडीनं परत गेला. पॉलिसी कुणी घेतली नाही, पण पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला, तेव्हा त्यानं बॅग उघडलीच नाही. "मेजर, त्या नदीचं काय झालं?" एवढंच विचारलं.

नदी म्हणजे ब्रह्मपुत्रा. साल 1971, महिना डिसेंबर, बांगलादेशची लढाई. मेजर तेव्हा पहिल्या मराठ्यात, म्हणजे जंगी पलटणीत, नवेनवे जवान. ब्रिगेड मेघालयाच्या बाजूनं उतरली, 4 डिसेंबरला कमालपूरचं ठाणं पडलं आणि पुढं जमालपूर घ्यायचं तर मध्ये नदी. गावठी होड्या जमवून पलटण पलीकडं गेली आणि शहराच्या दक्षिणेचा रस्ता अडवून बसली. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. मेजरांना दोन चहा लागतात.

"ब्रह्मपुत्रा म्हंजे आपली कृष्णा न्हवं," ते सुरू करतात. "हितं आपण माहुलीला पलीकडच्या माणसाला हाक मारून तंबाखू मागतो. तिथं पलीकडं किनारा हाय ह्ये सीओ साबच्या सांगण्यावर इश्वास ठेवून मान्य करायचं." मग होडी. होडीत किती जण, वल्हवणारा कसा होता, त्याच्या बकरीलाही होडीत जागा पाहिजे होती आणि सेक्शन कमांडरनं ती कशी नाकारली. आणि मग येतात बूट.

मेजरांचा पाय सात नंबरचा. स्टोअरमध्ये सात नंबर संपलेला. क्वार्टरमास्तर म्हणाला, पाय वाढंल. मेजरांनी बुटाच्या टोकात घरून आलेली पत्रं कोंबली आणि लढाईला निघाले. नदीच्या काठी चिखलात उतरले तेव्हा बुटात पाणी गेलं, पत्रं भिजून लगदा झाली, आणि अंधारात सगळी कंपनी मुकाट चालत असताना एकट्या मेजरांचे बूट बोलू लागले. चपक चपक. हा आवाज मेजर तोंडानं काढतात. तो काढताना ते भुवया वर करून आजूबाजूला बघतात, जणू कंपनी कमांडर अजून पिंपळामागं उभा आहे. पुढं कमांडरनं दबक्या आवाजात शिवी हासडली, मेजरांनी बूट काढून नाडीनं गळ्यात अडकवले आणि अनवाणी जमालपूरच्या वाटेला लागले. "पलटणीचा इतिहास लिवणाऱ्यानं ह्ये लिवलं न्हाय," ही त्यांची एकमेव तक्रार.

बूट हा या गोष्टीतला वाढता भाग आहे. मी लहान असताना ते आठ नंबरचे होते. मी कॉलेजात गेलो तेव्हा नऊ झाले. हल्ली कुणी शाळकरी पोरं ऐकायला बसली, तर क्वचित दहाही होतात.

त्यानंतर पत्राचं प्रकरण येतं. ते खरं आहे आणि मेजर ते खऱ्यापेक्षा फारसं वाढवत नाहीत, कारण वाढवायला जागाच नाही. आमच्या ब्रिगेडियरनं जमालपुरातल्या पाकिस्तानी कर्नलला चिठ्ठी पाठवली: वेढा पडलाय, शरण या. चिठ्ठी घेऊन मुक्तिवाहिनीतला एक माणूस गेला. त्याच संध्याकाळी उत्तर आलं. कर्नलनं लिहिलं होतं की लेखणी फार छान चालवता, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन असू द्या. आणि कागदासोबत एक गोळी गुंडाळून दिली होती. इथं मेजर खिशातून तंबाखूची पुडी काढतात, उलगडतात, आत गोळी असावी तसं बघतात आणि पुन्हा गुंडाळतात. पाहुणा श्वास रोखून असतो. आता रात्र होणार, आता लढाई.

"मग रात्री ते भाईर पडले," मेजर म्हणतात. "आमच्यावरच आले. झालं मग." तंबाखू मळून झालेली असते. "सकाळी चहा आला."

एवढंच. होडीवाल्याच्या बकरीला अर्धा तास, आणि ज्या रात्री बलूच पलटणीचे लोक वेढा फोडायला मराठ्यांच्या खंदकांवर चालून आले, पहाटेपर्यंत गोळी थांबली नाही आणि 11 तारखेला जमालपूर पडलं, तिला दोन शब्द. नवखा ऐकणारा हिरमुसतो. कुणी तरणा धीट असला तर विचारतो, "किती मारले, मेजर?" मेजर त्याच्याकडं बघतात, मग रस्त्याकडं. "साडेपाचची कोरेगाव आली न्हाय आजून," म्हणतात. मलाही पूर्वी ही त्यांची सांगण्यातली खोट वाटायची. त्यांना दुसऱ्या फौजींबरोबर बोलताना ऐकलं तेव्हा कळलं की तिथं तर ते रात्रीपर्यंत पोचतच नाहीत, आणि समोरच्यालाही तिची गरज पडत नाही.

हे बघायचं तर त्यांच्याबरोबर कॅन्टीनला जावं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याच्या त्या रांगेत सगळा जिल्हा उभा असतो. हातात कार्ड, काखेत रिकामी पिशवी. एकमेकांना ओळखत कुणी नसतं. मेजर पुढच्याच्या खांद्याला बोट लावतात.

"कुठली पलटण?"

"तोफखाना."

"म्हंजे मागं राहून टाकणारे."

"मागनं टाकलं म्हणून तुमी पुढं गेला, मेजर."

या दोन वाक्यांत जो अपमान झाला त्यानं दोघंही खुलतात. मागचा एक जण सांगतो, तो खडकीचा, बॉम्बे सॅपर्सचा. "मंग आमी पूल बांधला नसता तर ह्ये दोघं अलीकडंच बसले असते." सिग्नलवाला असला तर त्याला सगळे मिळून 'हॅलो हॅलो' म्हणतात. पुरवठ्याच्या कोअरमधला तर आपलं खातं सांगायलाच कचरतो, कारण पिठाच्या गोणीवरून त्याला पुढचा तासभर सुटका नाही. कुणी दुसऱ्या मराठ्यातला, काली पाँचवीतला निघाला, की मग बेळगाव. मराठा पलटण कुठलीही असो, रंगरूट बेळगावच्याच सेंटरला भादरलेला असतो. त्या उस्तादाची शिवी, तो पाऊस, पाठीवर पिट्ठू घेऊन मारलेल्या त्या चकरा. एक जण उस्तादाची चाल करून दाखवतो, दुसरा म्हणतो, "न्हाय न्हाय, डावा पाय जरा वढत होता," आणि लगेच कळतं की दोघांचा उस्ताद एकच. मग ती दोन माणसं काय विचारता. एकमेकांची पिशवी धरतात, पोरींच्या लग्नाचं विचारतात. रांगेत शिरताना परकी असलेली माणसं काउंटरवर पोचेस्तोवर एकमेकांना 'लेका' म्हणत असतात.

यात एक गंमत मी नीट टिपून ठेवली आहे. पराक्रमावर कुणी जुळत नाही. एकदा रांगेत एक गृहस्थ आपल्या पदकाचं सांगू लागले. सगळ्यांनी मानानं ऐकलं, "वा" म्हटलं, आणि रांग दोन पावलं पुढं सरकली तशी त्यांच्यापासूनही सरकली. तेच गृहस्थ नंतर म्हणाले की पदक मिळालं त्या दिवशी त्यांना जुलाब लागले होते आणि साहेब पदक लावत असताना ते मनात फक्त संडासापर्यंतची पावलं मोजत होते. तेव्हा मात्र पाच-सहा जणांनी त्यांना मधे घेतलं. प्रत्येकाकडं जुलाबाची एकेक गोष्ट होती. आणि क्वार्टरमास्तरची. साखर मापात कमी देणारा, रमच्या पेगात अंगठा बुडवून मोजणारा, नव्या मोज्यांच्या जागी जुने देणारा क्वार्टरमास्तर भारतीय लष्कराच्या प्रत्येक पलटणीत होऊन गेला आहे. आता इतकी माणसं लुबाडणारी असतील का? नसतील. पण सगळ्यांचा शत्रू एक असला पाहिजे, आणि सीमेपलीकडचा शत्रू फार लांब असतो.

त्या बाबतीत मेजरांचा एक अनुभव आहे, तो ते पारावर सांगत नाहीत. ढाक्यात 16 डिसेंबरला शरणागती झाल्यावर काही दिवस त्यांची ड्यूटी कैद्यांवर होती. त्यात झेलमकडचा एक नाईक. दोघांना एकमेकांची भाषा कामापुरती येत होती. पहिले दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मेजरांनी स्वतःच्या बुटाकडं बोट दाखवून विचारलं, "तुम्हारे उधर नंबर बराबर मिलता है?" त्या माणसानं पाय पुढं केला. त्याचेही बूट मोठे. मग क्वार्टरमास्तर निघाला, साखर निघाली, उस्ताद निघाला. शेवटी आजे निघाले. पहिल्या महायुद्धात मेजरांचा आजा बसऱ्याला गेला होता, पुढं कुतच्या वेढ्यात सापडला. त्या कैद्याचाही आजा तिकडंच होता. कुतच्या वेढ्यात पाच महिने अडकलेल्या फौजेवर शेवटी घोडी-खेचरं मारून खायची पाळी आली, हे जगजाहीर आहे. "माझ्या आज्यानं तोंड लावलं न्हाय आसं आमच्या घरात सांगत," मेजर म्हणाले, "त्याच्या घरातबी तसंच सांगत. दोघंबी हसलो." मग त्याला बिडी दिली का, असं मी विचारलं. "त्यानंच दिली," मेजर म्हणाले. "कैदी असून त्याच्याजवळ माल जास्त व्हता. आमचा क्वार्टरमास्तर सांगितला न्हाय का तुला?"

आजोबाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, हा रोग आमच्या भागात वंशपरंपरेचा आहे. शेजारच्या अपशिंगे गावच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, इंग्रज सरकारनं तिथं त्यांच्या नावानं शिळा लावली. अशा मुलखात ज्याच्याजवळ युद्धाची गोष्ट नाही त्याचे फार हाल. तो काय करतो? स्वतःचं युद्ध उभं करतो. गुरुजी निवडणुकीच्या ड्यूटीचं सांगतात: डोंगरावरचं मतदान केंद्र, डोक्यावर पेटी, मागं बैल लागलेला. बँकेतला कॅशियर नोव्हेंबर 2016 चं सांगतो. मेजर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातात. एकदा तो कॅशियर दाखल्यावर शिक्का मारता मारता सहज म्हणाला, "मेजर, ह्याच दिवसांत त्या वर्षी आम्ही रात्री बारापर्यंत नोटा मोजत होतो." दोन हजारांची नवी नोट लहान आकाराची, एटीएमच्या खणात बसेना, बाहेर रांग, आत पाणी संपलेलं, एका आजीनं डब्यातून काढलेल्या नोटा हळदीनं पिवळ्या. तो सांगत सुटला. मागं सगळी पेन्शनवाली मंडळी खोळंबलेली. मी म्हटलं, आता मेजर कापणार त्याला, जमालपूर काढणार. मेजरांनी काचेला टेकून सगळं ऐकलं आणि विचारलं, "कुठली ब्रँच?" मग दुसरा प्रश्न: "साहेब कसा होता?" कॅशियरचे डोळे चमकले. वरून आदेश देणारा, स्वतः मात्र केबिनचं दार लावून बसणारा साहेब त्याच्याकडंही होता.

मेजरांच्या घरचं युद्ध वेगळं. काकू, म्हणजे मेजरीणबाई, त्या वर्षी उन्हाळ्यात लग्न होऊन आल्या आणि डिसेंबरात लढाई लागली. मेजर पारावर बुटांचं सांगत असले आणि काकू पाणी आणायला त्या बाजूनं गेल्या, की न थांबता बोलतात, "नऊ नंबर म्हणं. कागुद हाय माझ्याजवळ." कागद म्हणजे ढाक्याहून मेजरांनी पाठवलेलं पत्र. जानेवारीत आलं. त्यात लढाईचं अक्षर नाही. 'बूट एक नंबर मोठे आहेत, लोकरीचे मोजे विणून पाठव, म्हशीला सरकी घाला,' इतकंच. काकूंनी ते ट्रंकेत जपून ठेवलं आहे. प्रेमापोटी का पुराव्यासाठी, हे मी विचारलेलं नाही.

काकूंची गोष्ट मेजरांच्या गोष्टीहून छोटी आहे, पण ती ऐकायला बायका उठून येतात. त्या दिवसांत गावात रेडिओ वाण्याच्या दुकानात. बातम्यांच्या वेळी ज्यांची माणसं फौजेत त्या सगळ्या जणी साखर घ्यायच्या निमित्तानं तिथं. आणि पोस्टमन. तो सायकलवरून वेशीत दिसला की प्रत्येकीनं आपापल्या घरात शिरायचं आणि पाठ करून कामाला लागायचं. कुणाच्या दारात सायकल थांबली ते बघायचं नाही. "कुणी ठरवलं न्हवतं तसं," काकू म्हणतात. "पण कुणी बघायचं न्हाय." पुढं सगळ्यांचे नवरे आले नाहीत. ज्या जणी तेव्हा पाठ करून उभ्या राहिल्या त्या आजही पंढरीला एकत्र जातात, एकमेकींच्या सुनांना शिव्या घालतात, एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर बाकीच्या आळीपाळीनं डबा देतात. त्यांच्यापुढं बोलायला मेजर जात नाहीत. एकदा गेले होते. "तुमी तिकडं व्हता," एक आजी म्हणाली, "तुमाला म्हाईत तरी व्हतं तुमी जिते हाय ते." मेजर परत पारावर येऊन बसले आणि त्या दिवशी कुणालाच अडवलं नाही.

मेजरांचा खरा प्रतिस्पर्धी मात्र पारावरच बसतो. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर मास्तर, मूळचे पाटण तालुक्यातले, कोयनेकाठचे. कोयनेचा भूकंप झाला तो 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे. जमालपूर पडलं ते 11 डिसेंबर 1971 ला. एकाच पारावर, एकाच तारखेला दोन प्रलय. दर वर्षी त्या दिवशी पहिल्यांदा कोण सांगणार यावरून वाद होतो.

"भूकंप काय," मेजर म्हणतात, "माणूस झोपेत असतो आन् व्हतो. लढाईला पायानं चालत जावं लागतं."

"तेच म्हणतोय," मास्तर म्हणतात. "तुमाला लढाई आधी कळवून झाली होती, मेजर. आमाला कुणी कळवलं?"

यावर मेजरांना आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. मग मास्तर पहाटे सव्वाचार-साडेचारच्या सुमाराचं सांगतात: आधी कुत्री ओरडली, मग फडताळातली भांडी आपणहून खाली चालत आली, मग घराचं माळवद... आणि धरण राहिलं. हे 'धरण राहिलं' ते अशा आवाजात म्हणतात की जणू ते त्यांनीच रात्रभर पाठीनं धरलं होतं. मधेमधे मेजर हुंकार भरतात, जागा चुकली तर दुरुस्त करतात. मास्तर जमालपूरच्या बाबतीत तेच करतात. दोघांनाही दोन्ही गोष्टी पाठ.

एक वर्ष मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केली. त्यात 11 डिसेंबर आली. मास्तर मफलर गुंडाळून पारावर हजर. पोरं जमली. मेजरांना सगळं मैदान मोकळं होतं. त्यांनी घसा साफ केला, जरा थांबले आणि म्हणाले, "आज पयला भूकंप." आणि मास्तरांच्या वतीनं त्यांनी कोयना सांगितली. सांगितली म्हणजे लढवली. भांडी 'एक लाइनीत' खाली आली, गाव 'फॉलिन' झालं, सरपंचानं 'पोझिशन' घेतली. मास्तर बाजूला हातवारे करून बेजार. शेवटी त्यांनी खिशातून जुन्या तिकिटांचा गठ्ठा काढून मागच्या बाजूला लिहिलं: 'म्हैस विसरलात.' मेजरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मागं जाऊन म्हैस घातली. त्या वर्षी जमालपूर झालंच नाही, वेळ संपली. पण दोन्ही घरांत त्या दिवशी भजी एकाच कढईतून गेली.

गेल्या वर्षी आमच्या आळीतलं एक पोरगं सियाचीनहून सुट्टीवर आलं. आलं ते बसून राहिलं. दिवसभर मोबाईल हातात, पण स्क्रीन काळीच. आई काळजीत. गाव भेटायला जायचं आणि विचारायचं ते ठरलेलं: पाकिस्तानी दिसतो का, गोळी चालवली का, थंडी किती असते, भीती वाटते का. पोरगं म्हणायचं, "हां," "नाही," "असते," "नाही." चार उत्तरांत मंडळी परत. चहासुद्धा संपायचा नाही.

मेजर गेले तेव्हा मी तिथं होतो. ते ओसरीवर टेकले, पोराच्या पायाकडं बघत बसले, मग म्हणाले, "बूट कसले देत्यात आता?"

"चांगले असतात. डबल. आतला येगळा, बाहेरचा येगळा."

"नंबर बराबर?"

पोरगं गप्प. मग म्हणालं, "एक मोठा होता."

"काय भरलं टोकात?"

"मोजा."

"आमी पत्रं भरली व्हती," मेजर म्हणाले. त्यांनी गोष्ट पुढं नेली नाही. माझ्या माहितीत असं पहिल्यांदाच झालं. पोरानंच विचारलं, मग? मग मेजरांनी चपक चपक केलं. पोरगं हसलं, आणि त्याची आई आतून चहाचं आधण टाकायचं सोडून दारात येऊन उभी राहिली.

मग पोरगंच बोलू लागलं. अंडं दगडासारखं गोठतं, हातोडीनं हाणलं तरी फुटत नाही. टूथपेस्ट नळीतून येत नाही. पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा, त्यासाठी रॉकेलचा स्टोव्ह सारखा पेटता, तंबूत सगळा धूर, खाली उतरून आलं तरी किती दिवस थुंकी काळी. जेवणावरची वासनाच उडते. डब्यातलं अननस बघितलं की मळमळतं. मेजर मधेमधे फक्त सामानाचं विचारत होते. स्टोव्हची पिन कुठं ठेवता, हातमोजे ओले झाले तर वाळवता कशावर, क्वार्टरमास्तर कसा आहे. क्वार्टरमास्तरवर पोरगं पाच मिनिटं बोललं. मग बोलता बोलता म्हणालं, "एका रात्री आमच्यातला एक जण दोरावरनं..." आणि थांबलं.

मी पुढं झुकलो. मेजरांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. म्हातारपणी एवढी ताकद.

"सकाळी चहा आला का?" त्यांनी पोराला विचारलं.

"आला," पोरगं म्हणालं.

"हां," मेजर म्हणाले. मग दोघं कितीतरी वेळ रॉकेलवर भांडले. आमच्या वेळी वास असा नव्हता, तुमच्या वेळी तुम्ही एवढ्या उंचावर होता कुठं, वगैरे. काळोख पडल्यावर काकूंनी माणूस पाठवला तेव्हा मेजर उठले.

त्यानंतर पोरगं बिघडलं. म्हणजे पारावर येऊ लागलं. सुट्टीचे उरलेले दिवस संध्याकाळी त्याच्याभोवती शाळेतली पोरं, गुरुजी, मोबाईल रिचार्जवाला, सगळे. अंड्याची गोष्ट तर त्यानं अशी बसवली की हातोडी मारताना गुरुजीसुद्धा डोळे मिटत. मेजर आपल्या जागेवर पिंपळाला पाठ लावून ऐकायचे. मधेच जमालपूरला वळवायला बघायचे, पण पोरगं तरणं, घसा चांगला, ते आधी सुरू व्हायचं. जायच्या आदल्या दिवशी पोरानं शेवटचं अंडं फोडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सांगतं बेस. पण लय लांबवतं."

मग त्यांनी तिथूनच पोराला हाक मारली. "आरं, बुटाचा नंबर सांगायचा राहिला तुझा. त्यो सांगितल्याबिगर मानसाला पटत न्हाय."

"एक मोठा होता," पोरगं सगळ्यांकडं वळून म्हणालं.

"दोन सांग," कंडक्टर मास्तर म्हणाले. "एकानं काय व्हतंय?"

मागच्या गल्लीतून काकू बादली घेऊन चालल्या होत्या. मेजरांनी तिकडं बघितलं, जरा थांबले आणि पोराला म्हणाले, "घरी कागुद धाडला असशील तर एकच सांग."